बार्थोलोम्यूला बोललेला नवस

नवस सिल्वेस्टर बोलला, पोर मिशेलने जन्माला घातलं. पण नाव ठेवायची वेळ आली तेव्हा सगळ्या वर्तकनगरला सासऱ्याचा नवस आठवला, आई कुणालाच नाही. धर्म कुठलाही असो, आपल्याकडे हे असंच चालतं.

पोर सातव्या महिन्यात आलेलं. काचेच्या पेटीत होतं तेव्हा सिल्वेस्टर बोललेला, "संत बार्थोलोम्यू, नातू वाचव, तुझंच नाव ठेवतो." बार्थोलोम्यूच का? तर ख्रिस्ताचा हा शिष्य कल्याणच्या बंदरात उतरलेला, असं जुनी माणसं सांगतात. म्हणजे आपल्या बाजूचा.

नातू वाचला. चांगला गुटगुटीत झाला. बाप्तिस्मा रविवारवर आला.

"पप्पा, नथानिएल ठेवू," मिशेल म्हणाली.

"नवस मोडू? पोराला काही झालं तर?" सिल्वेस्टरचा आवाज खरंच कापला.

"मोडतो कुठे? बायबलात मत्तयने दिलेल्या शिष्यांच्या यादीत बार्थोलोम्यू आहे, नथानिएल नाही. योहानकडे नथानिएल आहे, बार्थोलोम्यू नाही. माणूस एकच. बार्थोलोम्यू म्हणजे तलमयचा मुलगा. ते तर बापाचं नाव झालं! याला काय नुसतं 'लिओनेलचा' म्हणून हाक मारणार?"

लिओनेल मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलेला. असल्या वेळी नवऱ्यांना नेमका ऑफिसचा मेल येतो.

सिल्वेस्टरने थेट फादर सिरिलना गाठलं. "फादर, दोघं एकच का?"

"पुष्कळ जण तसं मानतात. काही मानत नाहीत. पक्का पुरावा नाही."

"आणि कल्याण?"

"त्याचाही नाही."

शिकलेली माणसं शेकडो वर्षं भांडतायत, आणि या आजोबाला निकाल रविवारच्या आत हवा!

रविवारी तो चर्चमधल्या बारा शिष्यांच्या तसबिरीपुढे उभा राहिला. त्यातला बार्थोलोम्यू कोणता, हेही त्याला ठाऊक नव्हतं. मग बाराही जणांना ऐकू जाईल असं बोलला.

"हे बघ, एकच असशील तर माझा नवस फिटला. दोघं असाल तर आपसात मिटवा. पोराला मध्ये घेऊ नका. राग असेल तो माझ्यावर काढा, माझं काय, जगून झालंय."

मागे मिशेल फिसकन हसली, मग पदराने डोळे पुसले. "पप्पा, या. तुम्हीच धरा त्याला."

"बाळाचं नाव काय?" फादरनी विचारलं आणि सवयीने सिल्वेस्टरकडेच बघितलं.

"माझ्याकडे काय बघता?" तो खेकसला. "आई उभी आहे ना समोर!"

मिशेलने नाव सांगितलं. डोक्यावर पाणी पडताच नथानिएलने सगळं चर्च डोक्यावर घेतलं.