आत कोणी नाही

मी एक जुना दरवाजा आहे. पण मित्रांनो, आज मला पाहिलंत तर तुम्ही मला दरवाजा म्हणणारच नाही. मदत छावणीच्या हॉलमध्ये मला विटांवर आडवं टाकलंय आणि माझ्यावर पाण्याच्या बाटल्या मांडल्यात. उभं राहण्यात जन्म गेलेल्याला असं आडवं पडायला फार लाज वाटते.

एका सुताराने मला घडवलं. लाकूड अगदी साधं, पण रंधा त्याने मन लावून मारला. "पोकळ नाही, भरीव आहे. नुसतं बोटाने वाजवलं तरी आत ऐकू जाईल," असं तो गिऱ्हाइकाला सांगे. तेव्हापासून मला माझ्या आवाजाचा भारी अभिमान.

नदीकाठच्या गल्लीत, एका लाँड्रीच्या मागच्या खोलीला मला बसवलं. तळमजल्यावरची खोली, खिडकी नाही. उजेडासाठी माझ्या डोक्यावर तेवढी एक लहानशी झडप. भाडेकरू आले नि गेले, पण शेवटच्या कुटुंबाने मला जीव लावला. ही माणसं परदेशातून आली होती. बाबा घरं रंगवायचा, आई लाँड्रीत इस्त्री करायची, आजी घर सांभाळायची आणि छकुली सगळ्यांवर हुकूम गाजवायची. बाबाने मला निळा रंग दिला, बिजागऱ्यांना तेल घातलं. छकुलीने माझ्या आतल्या अंगावर खिळ्याने मांजर कोरलं. त्याला पाच पाय होते. तिला ओरडा बसला, मला मात्र ते मांजर आवडलं.

त्यांच्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपली होती. अशा लोकांना शोधून देशाबाहेर धाडणारे अधिकारी गल्लीत वरचेवर येत. सगळे त्यांना 'कागदवाले' म्हणत. म्हणून बाबाने घरच्यांची खूण ठरवली होती: दोन टकटक, थोडं थांबून एक. दुसरं कोणीही ठोठावलं की दिवा बंद आणि सगळे चिडीचूप.

एका सकाळी बाहेरून गोड आवाज आला, "दादा, पाण्याचा मीटर बघायचाय." बाबा फसला. त्याने मला उघडलं आणि कागदवाल्यांनी त्याला चपला घालायलाही वेळ दिला नाही. जाता जाता तो ओरडला, "माझी टकटक ऐकल्याशिवाय कुणालाही उघडू नकोस!"

मग आजीने छकुलीची तालीम सुरू केली. जाड आवाज काढून ती स्वतःच कागदवाला व्हायची.

"आत कोण आहे?"

"कोणी नाही."

"आई कुठंय तुझी?"

"कामाला गेली."

"खरं सांग, पोरी!"

"कोणी नाही म्हटलं ना!"

आजीला हसू फुटायचं. बरोबर उत्तरांना एक बिस्कीट मिळे. त्यामुळे छकुली जेव्हा तेव्हा आजीच्या मागे लागायची, "आजी, हो ना गं कागदवाला!"

आणि मग नदी फुगली. घरं सोडा, उंचावर जा, असं सांगत भोंगा फिरत होता. दुपारी बोट आली. मला दोन्ही बाजू दिसतात, हेच माझं दुर्दैव. बाहेर अग्निशामक दलाचा एक मिशीवाला जवान पाण्यात उतरला होता, आणि त्याच्या मागे एक कागदवाला.

"तू बोटीत थांब ना बाबा," जवान म्हणाला. "तुला बघून कोण बाहेर येणार?"

"मला सोबत राहायचा हुकूम आहे. छावणीत नेण्याआधी कागद बघायचेत."

जवानाने मला धाडधाड ठोठावलं. "कोणी आहे का आत? पाणी वाढतंय, बाहेर या!"

आत आईचा हात कडीवर होता. फटीतून शिरलेलं पाणी तिच्या पोटऱ्यांना लागलं होतं. आजी कुजबुजली, "उघड गं. पाण्यापेक्षा ती माणसं बरी." आईने कडी अर्धी सरकवलीसुद्धा. तेवढ्यात कागदवाला ओरडला, "कागद हातात धरूनच बाहेर या!"

कडी होती तिथे परत गेली. छकुलीने श्वास रोखून धरला. शहाणी मुलगी.

जवानाने माझ्यावर नारिंगी रंगाची फुली मारली. घर रिकामं आहे, असा त्या फुलीचा अर्थ. बोट पुढे गेली.

पाणी कमरेला लागलं तेव्हा आईने ठरवलं, बास, आता निघायचं. पण तोवर मी फुगलो होतो. लाकूड पाणी पितं, मित्रांनो, त्याला इलाज नाही. सासू-सुनांनी जीव खाऊन ओढलं, तरी मी चौकटीत रुतून बसलो. वरच्या झडपेतून मावण्यासारखी एक छकुलीच होती. शेवटी दोघींनी तिला उचलून बाहेर ढकललं. "भिंतीवरचा पाइप घट्ट धर आणि हाका मार!"

पोरीच्या हाका ऐकून तीच बोट परत आली. जवानाने तिला अलगद उतरवून घेतलं. तिच्यामागे झडप वाऱ्याने आपटून घट्ट बंद झाली होती.

"आत कोण आहे?" कागदवाल्याने विचारलं.

छकुलीने त्याच्या टोपीकडे पाहिलं. "कोणी नाही."

"आई कुठंय तुझी?"

"कामाला गेली."

जवानाला ते पटेना. "खरं सांग, पोरी."

"कोणी नाही म्हटलं ना!"

आत आई दोन्ही मुठींनी मला बडवत होती, ओरडत होती. बाहेर पाऊस कोसळत होता, बोटीची मोटर घरघरत होती आणि भिजलेलं लाकूड वाजत नाही. ज्या आवाजाचा मला एवढा तोरा होता, तो त्या दिवशी निघालाच नाही. समोरच्या गच्चीवरून माणसं हाका मारत होती. बोट तिकडे वळली.

पाणी ओसरल्यावर त्याच जवानाने कुऱ्हाडीने बिजागऱ्या तोडून मला उतरवलं. आत पाहिलं आणि तो उंबरठ्यावर डोकं धरून बसला. मग ओल्या फडक्याने माझ्यावरची फुली पुसू लागला. ती काही गेली नाही.

मित्रांनो, मला तेल नको, रंग नको. माझं एवढंच मागणं आहे. पुरात कुणाचं दार ठोठावाल, तर फक्त वाचवायला ठोठावा.

काल छकुली चेंडू शोधत माझ्याखाली शिरली आणि तिला पाच पायांचं मांजर दिसलं. ती बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिली. तिला अजून कोणी काही सांगितलेलं नाही.

"मी कोणालाच सांगितलं नाही हं," ती माझ्या कानाशी लागल्यासारखी पुटपुटली. "आजीला सांग, माझं बिस्कीट राहिलंय."

मग तिने बोटांनी मला वाजवलं. दोन टकटक, थोडं थांबून एक. मी आता पुरता वाळलोय. आवाज अगदी खणखणीत आला.