बोल्टखालचा हिरवा रंग

अर्ध्या हळकुंडाने पिवळी होणारी माणसं पुष्कळ असतात, पण महिपती सुतार पाव हळकुंडातच पिवळा झाला होता. हवेतल्या विजेची एक गोष्ट त्याला नव्याने कळली होती आणि तेवढ्या भांडवलावर तो हरेशशेठच्या गाळ्यात मास्तर होऊन बसला होता.

गाळा उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधला. कपाटं, पलंग, लोकांच्या किचनच्या ट्रॉल्या, सगळं तिथे बनायचं. महिपती पालेगावहून यायचा आणि बावीस वर्षांपासून तिथला मोठा मिस्त्री होता. पावसाळ्याच्या तोंडावर शेठने करवतीच्या मशीनला भुसा ओढणारं यंत्र जोडून घेतलं. मशीनमधून निघालेला जाडजूड प्लास्टिकचा पाइप भिंतीभिंतीने जाऊन कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पिंपात शिरायचा. त्या पाइपाला सगळे सोंड म्हणत. सोंड आली आणि गाळ्यातला खोकला निम्मा झाला.

यंत्र बसवायला आलेल्या माणसाने सोंडेभोवती तांब्याची तार गुंडाळली. तारेचं एक टोक पिंपाला जोडलं, दुसरं मशीनच्या लोखंडी पायाला. मग महिपतीला जवळ बोलावून समजावलं. भुसा प्लास्टिकला घासत जातो, त्याने वीज साठते. ती तारेतून मशीनच्या अंगात येते, आणि मशीनच्या पायाला खाली बोल्टने जी अर्थिंगची वायर लावलेली आहे, तिच्यातून जमिनीत जाते. महिपतीने मान डोलावली. त्याला हे फार आवडलं. बावीस वर्षांत त्याला कोणी असं नीट बसवून काही समजावलं नव्हतं.

दिवाळी उलटली, हवा कोरडी पडली आणि गाळ्यात चटके सुरू झाले. सोंडेजवळ हात नेला की केस उभे राहायचे. मशीनला बोट लागलं की टच्. पॉलिशवाला नितीन तर दिवसातून चारदा ओरडायचा. महिपती मात्र खुशीत होता, कारण आता सांगायला श्रोते होते.

"घाबरतोस काय? ही हवेची वीज. थंडीत होतंच. मारत नाही, नुसता चिमटा काढते," तो सांगायचा. तार गुंडाळलेली असताना वीज जमिनीत का जात नाही, हे नितीनने एकदा विचारलं. "थंडी जास्त आहे," महिपती म्हणाला. पाव हळकुंडात एवढंच बसतं.

चटका लागत नव्हता फक्त जिवलीला. जिवली बदलापूरच्या पुढच्या, बारवीकडच्या ठाकरवाडीतली. वय चाळिशीचं, अंगाने काटक, बोलायला मोजकी. गाळा झाडणं आणि पिंप रिकामं करून भुशाची पोती भरणं हे तिचं काम. शेठने मिस्त्री लोकांना रबरी तळाचे बूट घेऊन दिले होते. झाडणाऱ्या बाईला बूट कशाला, हा प्रश्नही कोणाला पडला नव्हता. आणि तिची चप्पल उंबऱ्याबाहेर असायची, कारण तो महिपतीचा नियम होता. मशीनची पूजा होते, रोज सकाळी तिला उदबत्ती लागते, तिच्याजवळ रस्त्यावरची चप्पल नको. बूट गाळ्यातच राहत, म्हणून ते शुद्ध. हे शास्त्रही त्याचंच.

"मना नाय लागत बा तुमचा चटका," जिवली एकदा हसून म्हणाली.

"कसा लागेल? तू अनवाणी. तुझ्या अंगात वीज साठतच नाही, पायातून जमिनीत जाते. बूटवाल्यांनाच लागतो हा," महिपतीने तिलाही धडा दिला. ती एवढी लक्ष देऊन ऐकत होती की त्याला आणखी दोन वाक्यं सुचली असती तर बरं झालं असतं असं वाटलं.

जानेवारीतल्या एका सोमवारी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. हात पदराला पुसत होती.

"मिस्त्री, पिंपाला करंट हाय."

"सगळ्यालाच आहे. थंडी आहे."

"चटका न्हाय त्यो. चटका लागतो आन् जातो म्हनता ना तुमी? ह्यो जात नाय. धरून ऱ्हातो. पार खांद्यापातूर मुंग्या आल्या."

महिपती उठला, पिंपाजवळ गेला आणि त्याने सगळ्यांदेखत तळहात पिंपावर ठेवला. काहीच झालं नाही. पायात बूट होते. खिशात टेस्टर होता, बावीस वर्षांत ज्याचा उपयोग त्याने फक्त फेविकॉलच्या डब्याची झाकणं उघडायला केला होता, तो खिशातच राहिला.

"बघ. मेलो का मी?" तो म्हणाला. "इतके दिवस आम्हाला हसत होतीस जिवले, आता थंडी तुला पण भेटली." मग त्याने तिची नक्कल केली. पिंपाला हात लावल्यासारखा केला, मान ताठ केली, डोळे वटारले आणि सगळं अंग थरथरवलं. गाळा खदखदून हसला. नितीन तर पॉलिशचा बोळा हातात घेऊन खाली बसला.

जिवली हसली नाही. ती गोणपाटाचा तुकडा हाताला गुंडाळून पिंपाकडे गेली. मंगळवारीही तिने तसंच केलं, आणि नितीनने तिला बघून पुन्हा एकदा थरथरून दाखवलं.

बुधवारी सकाळी तिने नेहमीसारखं जमिनीवर पाणी शिंपडलं. झाडताना भुसा उडू नये म्हणून ती रोजच शिंपडायची. मग पिंप रिकामं करायला गेली. गोणपाट बादलीशेजारी ठेवलं होतं, ते भिजलं होतं; तिने तसंच हाताला गुंडाळलं. महिपती मशीनवर प्लायचा तुकडा कापत होता. तुकडा पडला, त्याने मान वर केली आणि त्याला जिवली दिसली.

तिचा हात पिंपाच्या कडीवर होता. मान ताठ. डोळे वटारलेले आणि थेट त्याच्यावर रोखलेले. सगळं अंग थरथरत होतं.

ती ओरडली नाही. आणि महिपतीला वाटलं, ही माझी नक्कल करते आहे. सोमवारचा बदला घेते आहे. त्याच्या चेहऱ्यावर हसूसुद्धा आलं. ते हसू किती वेळ राहिलं हे त्याला नंतर कधी आठवता आलं नाही, पण ते आलं होतं हे तो मरेपर्यंत विसरणार नव्हता.

मग तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली.

त्याने हाताशी होती ती सागाची पट्टी उचलली, धावला आणि तिच्या मनगटावर जीव खाऊन मारली. हाड मोडल्याचा आवाज आला. हात सुटला, जिवली भुशाच्या पोत्यांवर कोसळली. नितीनने मेन स्विच पाडला. गाळ्यात एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत तिचा श्वास ऐकू येतो का ते महिपती वाकून ऐकत राहिला. बऱ्याच वेळाने आला. लहान मुलाच्या उचकीसारखा एक, मग दुसरा.

शेठच्या गाडीतून तिला हॉस्पिटलात नेलं. महिपतीला गाळ्यात थांबायला सांगितलं. तो मशीनजवळच्या स्टुलावर बसून राहिला. चहा आला, तो गार झाला.

दुपारी धर्मेश वायरमन आला. त्याने मीटर लावून मशीन तपासलं, मोटर उघडली. आतली वायर हादऱ्यांनी घासून सोलली होती आणि मशीनच्या अंगाला टेकली होती.

"मशीनमध्ये पूर्ण करंट उतरला होता. तिथून तांब्याच्या तारेने पिंपात," धर्मेश म्हणाला. "पण अर्थिंग असताना हे व्हायलाच नको. फ्यूज उडायला पाहिजे होता." तो खाली बसला आणि मशीनच्या पायाचा बोल्ट खोलू लागला. बोल्ट निघाला. त्याच्या आट्यांत हिरवा रंग होता. वॉशरखाली हिरवा रंग होता. वायरची कडी जिथे लोखंडाला टेकायची, तिथे नखाएवढ्या जाडीचा हिरवा, चकचकीत, सुरेख रंग होता.

"वायर रंगावर बसवली आहे. लोखंडाला टेकलीच नाही. ही अर्थिंग नाही, शोभा आहे," धर्मेश म्हणाला. "हा कलर कोणी मारला?"

महिपतीला खंडेनवमी आठवली. मशीनची पूजा म्हणून त्याने आदल्या दिवशी तिला स्वतःच्या हाताने ऑइलपेंट दिला होता. कोणीही वायर तशीच ठेवून भोवतीने ब्रश फिरवला असता. पण महिपतीचं काम नेटकं. त्याने बोल्ट खोलला, वायर बाजूला केली, तिथे दोन हात मारले, बोल्टही रंगवला, रात्रभर सुकू दिला आणि सकाळी सगळं परत जागच्या जागी घट्ट आवळलं. वर हळदीकुंकू वाहिलं. रंगाचा एक ओघळ नव्हता. शेठने कौतुक केलं होतं.

चटके त्यानंतर सुरू झाले होते. थंडीने नाही. साठलेल्या विजेची जमिनीत जायची वाट त्याने बंद केली होती, आणि अडीच महिने ती वीज टच् टच् करून त्यालाच ते सांगत होती. तो लोकांना व्याख्यान देत होता. अनवाणी माणसाला हवेची वीज लागत नाही, हे त्यानेच जिवलीला शिकवलं होतं. मग अनवाणी जिवलीला लागली ती कुठली वीज, एवढं त्याला सोमवारी कळू नये?

शेठ हॉस्पिटलातून आला. बाई वाचली होती. तळहात भाजला होता, मनगट मोडलं होतं, डॉक्टर दोन दिवस हृदयावर लक्ष ठेवणार होते. हरेशशेठ वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता.

"देखो, बाई अनवाणी होती, हात ओला होता. झालं. कोई पूछा तो इतनाच बोलने का," तो म्हणाला. "कलर-बिलर कुछ नहीं. महिपती, तेरेही भले की बात करतोय साईं."

नितीनने मान हलवली. धर्मेशने सामान आवरलं. महिपतीने गार झालेला चहा बाहेर नेऊन ओतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटीच्या वेळेला तो हॉस्पिटलात गेला. जिवलीचा नवरा गोमा कॉटच्या पायाशी जमिनीवर बसला होता. त्याने उठून महिपतीचे पाय धरले. "तुमी फळी मारलीत म्हनून वाचली. सगळे सांगतात."

महिपतीने त्याला उठवलं. मग स्वतः कॉटजवळच्या स्टुलावर बसला. जिवलीच्या एका हाताला प्लास्टर होतं, दुसऱ्याला सुई. चेहरा एवढासा झाला होता.

"मशीन चालू हाय ना?" तिने विचारलं. "माज्यामुलं बिगाडलं नाय ना?"

"नाही."

"मिस्त्री, येक ईचारू? रागवू नका." तिने गोमाकडे पाहिलं. "बरी झाल्यावर चपला घालून आत आले तर चालंल का? धुवून आनीन. मशीनपासून लांब ठेवीन. शेट बोलले, माजीच चूक, मी अनवानी व्हते."

महिपती स्टुलावरून उठला आणि परत बसला. गोमा त्याच्याकडे बघत होता.

"तुझी चूक नाही," तो म्हणाला. "रंग मी मारला होता. खंडेनवमीला. बोल्टच्या खाली. त्याने अर्थिंग तुटली आणि करंट पिंपात आला. चप्पल बाहेर ठेवायला लावली ती पण मीच. शेठ विचारतील, पोलीस विचारतील, तर हेच सांगणार आहे मी. तू पण हेच सांग."

त्याला वाटलं होतं ती रडेल. नाहीतर गोमा उठून त्याची गचांडी धरेल. तसं झालं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. गोमा नुसता बघत राहिला. जिवलीने छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"रंग चुकून लागला," ती म्हणाली. "मुद्दाम थोडाच मारला तुमी. त्याचं काय नाय."

महिपतीने श्वास सोडला.

"पन सोमवारी मी तुमाला सांगाया आले व्हते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. "तवा तुमी हसलात कशाला?"

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. बाकीचे लोक उठले, डबे आवरून जाऊ लागले. महिपती बसून राहिला. जिवली त्याच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होती.