टबातलं तपकिरी पाणी

पाणी तपकिरी झालं तशी हॉलमधल्या लोकांनी चक्क हात जोडले. घडीच्या टबात एक म्हातारा शिंपी पाय सोडून बसला होता.

"बघा, तीस वर्षांचं विष," टब विकणारा जलबाबा म्हणाला. "औषधांनी साठवलं, माझ्या टबानं उपसलं." अंगात पांढरा कोट, गळ्यात माळ. डॉक्टरही हाच आणि देवही हाच.

थोरली मुलगी आईला घेऊन मागे उभी होती. आईच्या गुडघ्यांसाठी लहानसा, परवडणारा, कपाटामागे मावेल असा टब बघायला ती आली होती. आई मात्र चार दिवस इथल्या टबात पाय सोडून फुकट बसून जात होती.

"शुगरच्या गोळ्या बंद केल्यात मी," आई सहज म्हणाली. "गोळ्या घेतल्या की विष निघत नाही म्हणे."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारखान्यात पाण्यात वीज सोडून लोखंडावर मुलामा चढवण्यात तिची उमर चालली होती, आणि असलं पाणी ती रोज ओतून टाकायची. ती तडक पुढे गेली.

"ताजं पाणी भरा. तुमचंच मीठ टाका. पण आत कुणी बसायचं नाही."

"ताई, श्रद्धा लागते," बाबा गुळगुळीत हसला.

"टबालाही?"

शिंप्यानंच उठून पाणी बदललं, मीठ टाकलं आणि विजेचं बटण दाबलं. दहा मिनिटांत पाणी पिवळं झालं, मग तपकिरी.

थोरलीनं प्लग काढला आणि तळातली डबी उघडून गंजून झिजलेल्या दोन लोखंडी पट्ट्या वर धरल्या. "लोखंड, मीठ आणि वीज. हा गंज आहे. तुमच्या पायांचा त्यात काही संबंध नाही."

"पण गुण येतो ना?" बाबा पुटपुटला.

"गरम पाण्यानं शेकल्यावर बरं वाटतं. त्याला साधा टब पुरतो."

"मला तर पाणी कितीही कढत असलं तरी चटका लागत नाही. बाबा म्हणतात, हाच गुण," आई अजून कौतुकानंच म्हणाली.

थोरलीनं खाली बसून तिचा मोजा काढला. तळव्यावर फोड फुटून मांस लाल झालं होतं. शुगरनं पाय बधिर झाले होते, आणि हा नालायक त्यालाच गुण म्हणत होता.

"नीट बघा सगळ्यांनी," ती न ओरडता म्हणाली. "चमत्कार दिसला की हात जोडू नका, तो तपासा. आणि औषध सोडायला सांगणाऱ्याच्या दारात पुन्हा पाऊल टाकू नका."

मग आईला धरून ती दवाखान्याकडे निघाली. टब घ्यायचा राहिलाच. आधी पाय वाचायला हवा होता.