लीदाचा बुटका पाइन

मेणबत्ती बुडापासून मोडली तशी ओताकारच्या तोंडून शिवी गेली. ती लीदाच्या बागेत गेली म्हणून त्याने लगेच जीभही चावली.

गुडघ्यांखाली गोणपाटाची घडी, समोर दगडांच्या उतारावर पसरलेला गुडघाभर उंचीचा पाइन आणि हातात बोटाएवढा कोवळा, चिकट कोंब. पाइनच्या अशा नव्या कोंबांना तिथे सगळे मेणबत्त्याच म्हणतात. मे महिन्यात त्या झाडभर उभ्या राहतात, फिकट आणि सरळसोट. लीदा त्या अर्ध्यावर खुडायची. कात्री तिला चालायची नाही, कारण कात्रीने सुयांची टोकं कापली जातात आणि मग झाड वर्षभर करपल्यासारखं दिसतं. दोन बोटांच्या चिमटीत धरून ती अशी काही मुरड द्यायची की वरचा अर्धा भाग तिच्या हातात आणि खालचा झाडावर. ओताकारने अगदी तेच केलं होतं, निदान त्याला तरी तसं वाटत होतं, आणि अख्खी मेणबत्ती हातात आली. जन्मभर रोपवेचे नटबोल्ट आवळलेली बोटं होती ती. हलक्या हाताचं काम त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

लीदा जानेवारीत गेली. न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि आठवड्यात सगळं आटोपलं. घरातल्या बाकी गोष्टींचं ओताकारने जमेल तसं निभावून नेलं. बटाटे उकडायला शिकला, वॉशिंग मशीनशी एकदाचं जमवून घेतलं. पण पाइन वाट बघणारा नव्हता. मेणबत्त्या अशाच राहिल्या तर आणखी आठ-दहा दिवसांत त्यांच्या सुया पसरणार, लाकूड धरणार आणि तेवढी उंची कायमची पक्की होणार. एकदा झाड वर गेलं की खाली आणता येत नाही, कारण पाइनच्या जुन्या लाकडाला पुन्हा फूट येत नाही. आणि मेणबत्ती बुडापासून तोडली तर तिथे टक्कल पडतं, तेही कायमचं. म्हणजे खुडलं नाही तरी लीदाचं झाड गेलं, आणि चुकीचं खुडलं तरी गेलं.

ब्रनोहून मुलीचा, ब्लांकाचा फोन आला होता. "बाबा, माळी बोलवा की. त्यांच्याकडे विजेची कातर असते, पाच मिनिटांचं काम." तो हो हो म्हणाला आणि त्याने कुणालाही बोलावलं नाही.

हे झाड लीदाने दह्याच्या डबीतून आणलं होतं. रोपवे जिथे संपतो तिथल्या डोंगरावरच्या खानावळीत ती स्वयंपाकीण होती. नोकरी सोडली त्या दिवशी खानावळवाल्याने तिला निरोपाची भेट म्हणून हे रोप दिलं. वर कड्यावर हा पाइन आपोआपच जमिनीला धरून राहतो, कारण वारा आणि बर्फ त्याला मान वर काढू देत नाहीत. खाली, गावाच्या कडेला लोकांच्या छोट्या छोट्या बागांच्या या वसाहतीत, त्याला कोण अडवणार? ओताकारने तसं विचारलं होतं तेव्हा लीदा म्हणाली होती, "इथे वारा मीच." तेव्हापासून दर मे महिन्यात, महिन्याच्या मध्यावर येणारे थंडीच्या तीन संतांचे आणि त्यांच्या मागून येणाऱ्या संत झोफियाचे दिवस होऊन गेले, दहिवराची भीती टळली, की लीदा पाइनपाशी बसायची. त्या दिवसांत घरात जिथे हात लावावा तिथे डिंक लागायचा. ब्रेडच्या सुरीला डिंक, दाराच्या मुठीला डिंक, ओताकारच्या शर्टाच्या कॉलरलाही डिंक. खुडलेले शेंडे ती साखरेत मुरवून खोकल्याचं सरबत करायची, तेही चिकटच असायचं.

ओताकारने दुसरी मेणबत्ती धरली, श्वास रोखला आणि तीही बुडापासून मोडली.

तो उठला. कुंपणापलीकडे हेदविका टोमॅटोची रोपं लावत होती. तिने पाहिलं होतं हे त्याला कळलं आणि त्याला कळलं हे तिलाही कळलं.

ही हेदविका म्हणजे एके काळची लीदाची जिवाभावाची मैत्रीण. दातांच्या दवाखान्यात नर्स होती, नवरा लवकर गेलेला. दोन्ही बागांच्या मधल्या कुंपणाला एक छोटं फाटक होतं आणि ते कधी लागलेलं नसायचं. मग एका मे महिन्यात लीदा गुडघ्यांच्या इलाजासाठी तीन आठवडे गरम पाण्याच्या झऱ्यांवर राहायला गेली आणि जाताना पाइन हेदविकाच्या हवाली करून गेली. हेदविकाचं बालपण जंगलाकडेच्या खेड्यात गेलेलं. तिथे सरबतासाठी स्प्रूस नावाच्या झाडाचे शेंडे खुडतात ते बुडापासून, आणि स्प्रूसचं त्याने काही बिघडत नाही. तिने मोठ्या प्रेमाने पाइनची एक बाजू तशीच साफ केली, बरण्या भरून सरबत केलं आणि लीदा परतली त्या दिवशी तिच्यापुढे बरणी ठेवली. लीदाने आधी बरणी पाहिली, मग झाड पाहिलं. त्यानंतर जे झालं ते पाच-सहा बागांपर्यंत ऐकू गेलं.

आणि इथे ओताकार मैदानात उतरला. एरवी हा माणूस म्हणजे भिंत. त्याच्या आईने लीदाला उभ्या जन्मात धड बोलू दिलं नाही, तेव्हा हा सूप पीत बसायचा. पण पाइनच्या भांडणात त्याने फाटकाला दोन मोठे खिळे ठोकले. हेदविकाकडून आणलेली शिडी तिच्या दारात नेऊन टाकली. वसाहतीच्या सभेत तिने नव्या नळाची मागणी केली, तर पन्नास माणसांत एकट्या ओताकारने विरोधात हात वर केला, सगळ्यांचे हात खाली आले तरी याचा वरच, आणि तिथे एकाचाही विरोध असला की काम अडतं. ती समोरून आली की तो आकाशाकडे बघायचा. याला दहा-अकरा वर्षं झाली. जानेवारीत लीदाला निरोप द्यायला ती आली होती आणि अगदी मागच्या रांगेत उभी होती. तेव्हाही तो छताकडे बघत राहिला. लीदाचं भांडण होतं ते. ती नाही म्हणून आपण सोडून द्यायचं, हे त्याच्या मनाला पटेना.

पण आता हातात दोन मोडक्या मेणबत्त्या होत्या. हेदविकाने जो गुन्हा केला होता तोच त्याच्याही हातून घडला होता, आणि अर्ध्यावर कसं खुडायचं हे विचारायला या वसाहतीत दुसरं कुणी नव्हतं. खरं तर तिला तरी कुठून येणार? पण वर्षानुवर्षं कुंपणापलीकडून बघून काहीतरी कळलं असेल, असा त्याने हिशोब केला.

"शेजारीण," तो म्हणाला.

हेदविकाने मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय का ते.

"तुम्हालाच म्हणतोय. जरा इकडे याल का?"

"येते की. पण कुठून येऊ, शेजारी? फाटकाला खिळे ठोकलेत तुम्ही."

तो बागेतल्या खोपटातून पकड घेऊन आला. गंजलेले खिळे, दहा हिवाळे खाल्लेले, जोर लावावा लागणार म्हणून त्याने पाय रोवले, खिळ्याच्या डोक्यावर पकड बसवली आणि ओढलं. खिळा लोण्यातून सुरी यावी तसा बाहेर आला आणि ओताकार दोन पावलं मागे गेला. दुसरा त्याने नुसत्या बोटांनी काढून पाहिला. तोही आला.

भोकं आतून गुळगुळीत झाली होती. त्याने फाटक ढकललं, आवाज नाही. बिजागरीवर बोट फिरवून नाकाशी नेलं आणि वास ओळखला. त्याच्याच खोपटातलं रोपवेचं काळं ग्रीस. माणसाने आयुष्यभर जे दुसऱ्यांच्या लोखंडाला लावलं ते कुणीतरी त्याच्या पाठीमागे त्याच्याच फाटकाला लावत आलं होतं.

"हे कुणी केलं?" त्याने विचारलं.

हेदविका हाताची माती पुसत होती. "कोण करणार? बुधवारी तुम्ही पत्ते खेळायला जायचात."

मग तिने सांगितलं. भांडण खरं टिकलं ते आलुबुखार पिकेपर्यंत. त्या सप्टेंबरात एका बुधवारी लीदा आलुबुखाराच्या केकची ताटली घेऊन कुंपणाशी आली, ताटली वरून देता येईना, तेव्हा चिडून पकड आणली आणि खिळे उपटले. जाताना पुन्हा भोकांत खोचून ठेवले. तेव्हापासून दर बुधवारी खिळे निघायचे आणि ओताकार बिअर पिऊन परतायच्या आत पुन्हा बसायचे. मे महिन्यात दोघी मिळून पाइन खुडायच्या. लीदा चांगली बाजू घ्यायची आणि हेदविकाला टकलाच्या कडेला बसवायची. तू बिघडवलंस, तूच सांभाळ, असं दर वर्षी न चुकता ऐकवायची.

ओताकारला कॉफीचे दोन कप आठवले. बुधवारी तो परत येई तेव्हा खोपटात दोन कप धुऊन पालथे घातलेले असत. एकदा त्याने विचारलंही होतं आणि लीदा म्हणाली होती, एका कपाने माझं भागत नाही. आणि तो बिचारा खुडलेलं झाड बघून म्हणायचा, एवढं सगळं एकटीने केलंस? तीही खुशाल हो म्हणायची.

तो दगडावर बसला. त्याला राग आला होता आणि लाजही वाटत होती, आणि दोन्हीच्या खाली तिच्याविना फार एकटं वाटत होतं.

"मी तुमच्या नळाला विरोध केला," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. तीन वर्षं पाणी वाहिलं मी."

"तिच्यासाठी केला. तुमच्याकडे बघायचंही सोडलं, तेही तिच्यासाठीच. मग मला का नाही सांगितलं तिने? हसत होतात का दोघी?"

"पहिल्या वर्षी हसलो," हेदविका म्हणाली. ती त्याच्या शेजारच्या दगडावर टेकली. "मग मीच तिला म्हटलं, बास झालं, सांगून टाक त्याला. तर म्हणाली, नको गं. हा माणूस आयुष्यात एकदाच माझ्या बाजूने उभा राहून भांडला. त्याच्या आईसमोर नाही बोलला, साहेबासमोर नाही बोलला. इथे हात वर करून उभा राहिला, एकटा. ते मी मोडू? राहू दे की त्याला भांडत, मला बरं वाटतं."

ओताकारने टोपी काढली, आत काहीतरी शोधल्यासारखं पाहिलं आणि परत घातली. शेजारच्या कुणाच्या तरी बागेत रेडिओ लागला होता. तो म्हणाला, "सूप पीत बसायचो मी. आई तिला बोलायची तेव्हा."

"तेही सांगितलंय तिने."

मग दोघं पाइनपाशी बसली. हेदविकाने आपली टकलाची बाजू घेतली आणि लीदाच्या बाजूला त्याला बसवलं. त्याने मेणबत्ती मुठीत धरली तशी तिने त्याच्या मनगटावर चापट मारली.

"दात उपटत नाही आहोत आपण. ओढू नका. वाकवा नुसती. जिथे तुटायचं तिथे तीच तुटते."

त्याने वाकवली. बारीकसा टक् असा आवाज झाला आणि अर्धा शेंडा त्याच्या चिमटीत राहिला. बाकीचा अर्धा झाडावर, जिथे असायला हवा तिथे. त्याने दुसरी घेतली. चौथी की पाचवी पुन्हा बुडापासून गेली, पण हेदविका आपली खुडत राहिली. नंतर त्याची बोटं शिकत गेली. लोखंडाची माणसं सावकाश शिकतात पण शिकलेलं विसरत नाहीत, असं तो स्वतःची समजूत घातल्यासारखं पुटपुटला. तिने मधेच जाऊन कॉफी करून आणली, दोन कप. खसखशीचा पाव अर्धा अर्धा खाल्ला. टकलाच्या कडेला हेदविकाचा हात असा चालत होता की ओताकार काम थांबवून बघत राहिला. अर्ध्यावर खुडण्याची ती मुरड हुबेहूब लीदाची होती.

ऊन उतरलं तेव्हा सगळ्या मेणबत्त्या एका उंचीला आल्या होत्या. लीदाच्या बाजूला जरा खालीवर झालं होतं. खुडलेले शेंडे इनॅमलच्या भांड्यात भरले. साखर किती घालायची ते हेदविकाने सांगितलं आणि तो विसरणार हे ओळखून पुन्हा सांगितलं. मग पाठ धरत ती फाटकातून पलीकडे गेली. फाटक ओढून घेतलं आणि कुंपणावर ठेवलेले दोन खिळे एकामागून एक भोकांत खोचले, अंगठ्याने दाबून बसवले.

बसवल्यावर तिच्या लक्षात आलं. "बघा, सवय," ती म्हणाली आणि काढायला हात पुढे केला.

"राहू द्या," ओताकार म्हणाला. "भांडण चालू आहे आपलं."

हेदविकाने त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि टोमॅटोकडे गेली.

तो पाइनपाशी वाकला. लीदा शेवटी करायची तसा आडवा तळवा झाडावरून हलकेच फिरवला, कुठे काही टोचतंय का ते बघायला. कुठेच काही टोचलं नाही. मग हात धुवायला नळाशी गेला. दहाही बोटं डिंकाने एकमेकांना चिकटत होती. त्याने नळ सोडला, बोटं नाकाशी नेली, आणि पाणी न घेताच नळ बंद केला.