चौसष्ट गोलांचा पुरावा

एलिसेओ बारियोस हा पराग्वेचा निवृत्त फुटबॉल स्ट्रायकर असामान्य आहे, हे जागृतीला सप्टेंबरच्या आत सिद्ध करायचं होतं. नाही जमलं तर त्याला अमेरिका सोडावी लागणार होती, आणि पाठोपाठ तिलाही. तिचा कामाचा परवाना ऑक्टोबरात संपत होता. वकील प्रल्हादकाका म्हणाले होते, "आधी ह्याचा व्हिसा होऊ दे. मग त्याच वाटेने तुझी फाइल ढकलू."

काकांचं ऑफिस डेव्हन ॲव्हेन्यूवर, साड्यांच्या दुकानाच्या वर. असामान्य गुणवत्तेच्या व्हिसात माणसं बसवणं हा त्यांचा धंदा. संख्याशास्त्रात एम. एस. झालेली जागृती आकडे पुरवायची, काका विशेषणं.

एलिसेओची कारकीर्द तिने दोन दिवसांत तक्त्यात मांडली. सतरा वर्षं, बारा क्लब, चौसष्ट गोल. म्हणजे वर्षाला पावणेचार. एवढे तर बचावपटूही चुकून मारतात. बारापैकी सात क्लब तो असतानाच खालच्या श्रेणीत घसरले. देशाकडून एकच सामना, शेवटची अकरा मिनिटं, चेंडूला दोन स्पर्श. त्यातला एक हाताने, थ्रो-इन टाकताना.

"काका, ह्यात असामान्य काय आहे?"

"सात क्लब बुडाले ना? लिही, 'संकटातल्या क्लबांना प्रथम त्यांचीच आठवण होई.'"

"पण हे आल्यावर संकट आलं."

"तारखा कोण मागतंय?"

"मी मागतेय."

"अगं, तू व्हिसा ऑफिसर आहेस का?"

तिला चैन पडेना. मिळतील तेवढे व्हिडिओ आणि जुने अहवाल काढून तिने चौसष्ट गोल एकेक करून तपासले. एकोणचाळीस पेनल्टीचे निघाले. त्यातल्या चौतीस पेनल्टी एलिसेओने स्वतः पडून मिळवलेल्या. तो खेळला त्या लीगमध्ये गेल्या तीस वर्षांत उतरलेल्या सगळ्या खेळाडूंशी तुलना केली, तर हा गडी सरासरीपासून इतका लांब, की तिने गणित तीनदा करून पाहिलं.

एलिसेओ कागदांवर सह्या करायला आला तेव्हा तिने सरळ विचारलं, "तुम्ही मुद्दाम पडायचात?"

बेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला एलिसेओ खुशीत खुर्चीवरून उठला. "प्रोफेसर, पडणं कोणालाही जमतं. आधी धक्का लागू द्यायचा. इवलासा चालेल, पण खरा हवा. बाकीचं आपण भरायचं."

टेबलाचा कोपरा त्याच्या मांडीला घासला मात्र, तो असा कोसळला की खालच्या दुकानातली बाई हातातल्या साडीसकट वर धावत आली.

"ॲम्ब्युलन्स बोलावू?"

"नको ताई," काका म्हणाले. "पुरावा चाललाय."

अर्जात वाक्य गेलं, 'गोलक्षेत्रात निर्णायक प्रसंग निर्माण करण्याची, आकडेवारीने सिद्ध झालेली असामान्य क्षमता.' सोबत जागृतीचा आलेख. ऑगस्टात मंजुरी आली. एलिसेओ एका उपनगरात मुलांना आक्रमण शिकवायला लागला.

मग तिची फाइल निघाली. तीन शोधनिबंध, त्यांचा उल्लेख इतरांनी अकरा ठिकाणी केलेला, त्यातले चार तिच्याच गाईडचे. काकांनी लिहिलं होतं, 'चार खंडांतील संशोधकांनी दखल घेतलेलं दिशादर्शक काम.'

"काका, हे खोटं आहे."

"कुठला शब्द? खूण कर, काढून टाकतो."

ती पेन्सिल घेऊन बसली. चार खंड? एक उल्लेख ऑस्ट्रेलियातला होता, एक केनियातला; मोजले तर भरत होते. दिशादर्शक? ब्राझीलच्या एका गटाने तिची पद्धत चुकीची ठरवून उलटी दिशा धरली होती. म्हणजे दिशा तिच्यामुळेच मिळाली. तासाभरात तिला एकही खूण करता आली नाही. तिने सही केली.

रविवारी नागपूरहून आईचा फोन आला. "तुझ्याबद्दल काय काय लिहिलंय ते पाठव ना गं. शेजारच्या शैलजाकाकूंना वाचून दाखवते."

"वकिलांनी कोणाला दाखवायला मनाई केलीये, आई," जागृती म्हणाली.

हे मात्र साफ खोटं होतं.