मर्सीबाईंचा पत्रा आणि माझा मीटर

मित्रांनो, मला सगळे म्हातारी सायकल म्हणतात आणि मला त्याचा राग येत नाही. माझ्या हँडलवर एक मीटर आहे. चाक फिरतं तसे त्याचे आकडे सरकतात. आजवर त्याने एकही थाप मारलेली नाही, हे मी हँडल ताठ करून सांगते.

माझे मालक फर्डिनंड सर उमेळ्याचे. तीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला आणि तीस वर्षं मी त्यांना शाळेत नेलं. मुलं माझा मीटर बघायला गर्दी करायची. पुढे सरांकडे स्कूटर आली आणि माझी रवानगी त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, मर्सीबाईंच्या अंगणात झाली. तिथे बावखलाच्या, म्हणजे वाडीला पाणी देणाऱ्या तळ्याच्या काठी मी उभी राहिले. चेन गंजली, अंगावर वेल चढला. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

गेल्या मे महिन्यात एका दुपारी ढगातून वाऱ्याची सोंड खाली उतरली आणि गरगरत वाडीवर आली. मर्सीबाई जपमाळ घेऊन टेबलाखाली शिरल्या. मी बाहेरच होते. सोंडेने मला उचलून बावखलात टाकलं. केळी आडव्या झाल्या. खोपीचा पत्रा उडाला. त्यावर निळ्या रंगात लिहिलं होतं, ‘मर्सीची केळी, उमेळे’.

चौथ्या दिवशी जेन्सनने पत्र्याचा फोटो पाठवला. हा मर्सीबाईंचा भाचा कामणच्या एका गोदामात कामाला आहे. पत्रा कामणला पडला होता! झालं, बघता बघता गावभर झालं की वादळ कामणपर्यंत गेलं.

मर्सीबाईंनी बॅग भरली. “अर्धा तास घोंगावत होतं रे,” त्या सरांना म्हणाल्या. “बारा किलोमीटर गेलं. असलं परत आलं तर मी एकटी काय करू? मी नाय राहत आता इथे. रविवारी लविना न्यायला येते. वाडीचं तू बघ.”

लविना त्यांची मुलगी, फ्लॅटमध्ये राहणारी. आई एकदा तिकडे गेली की वाडी संपली, हे सरांना कळत होतं.

“बाय, चक्रीवादळ दिवसचे दिवस चालतं. ही सोंड होती, टोर्नेडो. बहुतेक सोंडा दहा मिनिटांच्या आत विरतात. तासाच्या वर टिकणारी, शंभर किलोमीटर जाणारी एखादीच.”

“मग ही तीच एखादी असेल.”

 सरांनी मला बावखलातून ओढून काढलं, चेनला तेल दिलं आणि वाटेला लावलं. जिथे पहिली केळ पडली होती तिथून निघालो. शेंडा मोडलेला शेवटचा ताड आला तिथे थांबलो. त्यापुढे पेरूची कोवळी रोपंसुद्धा जागच्या जागी होती. मीटरवर भरले एक किलोमीटर सहाशे मीटर.

घरी येऊन सरांनी विचारलं, “बाय, टेबलाखाली किती ‘नमो मारिया’ झाल्या?”

मर्सीबाई आठवू लागल्या. “आवाज आला तेव्हा सुरू केलं. आठवी संपता थांबला.”

“आता तशाच म्हण.” सरांनी घड्याळ समोर धरलं. आठ प्रार्थनांना अडीच मिनिटंही लागली नाहीत. बाई घड्याळाकडे बघतच राहिल्या. पण लगेच म्हणाल्या, “आणि पत्रा? तो काय चालत गेला?”

शनिवारी आम्ही कामणला गेलो. वाटेत कुठे फांदी मोडलेली नव्हती. गोदामामागच्या भंगारात आमचा पत्रा होता आणि शेजारी तुळिंजचा श्रीरंग भंगारवाला.

“वादळानं?” तो हसला. “सर, तो मीच आणला. तुमच्या गावात रस्त्यात पडला होता, टाकला टेम्पोत.”

त्याच टेम्पोतून मी आणि पत्रा घरी आलो. श्रीरंगने स्वतः सगळं सांगितलं. मर्सीबाई आधी त्याला रागावल्या, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. बॅगेतून त्यांनी एकेक लुगडं काढून परत कपाटात ठेवलं. रविवारी लविना आली ती फणस घेऊन गेली.

मित्रांनो, असली सोंड दिसली तर घरात शिरा. अडीच मिनिटांतही ती घर मोडू शकते. पण ती सरली की भीती मोजायला बसा. ऐकीव गोष्टीवर मापलं तर ती वाढतच जाते. आणि खरं माप सांगणारं जे काही तुमच्या अंगणात गंजत उभं असेल, त्याला थेंबभर तेल द्या.

परवा पुन्हा वारा उठला. आभाळ काळं झालं. मर्सीबाई लगबगीने बाहेर आल्या, मला हँडलला धरून घरात घेतलं आणि मगच माळ हातात घेतली.