तिसरा माइक

दादाने हेडफोन कानावरून ओरबाडून काढला आणि टेबलावर टाकला.

"नाही. पुन्हा तेच. घोंगडीखालून गातेयस असं वाटतंय."

चिंगी माइकसमोरून हलली नाही. खोलीच्या खिडकीवर रजई टांगलेली होती, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला होता, कपाटाची दोन्ही दारं उघडी टाकली होती. आतले कपडे आवाज पिऊन टाकतात आणि खोली घुमत नाही, असं दादाने कुठंतरी वाचलं होतं. घरघर येते म्हणून पंखा बंद होता, बाहेरचा फ्रिजही. तिची पाठ घामाने चिकट झाली होती.

"पुन्हा म्हणू का?"

"म्हणून काय होणार? मघाशी म्हटलंस तेच येणार. या माइकलाच अक्कल नाही."

हा तिसरा माइक होता. पहिला स्वस्तातला, सरळ कॉम्प्युटरला जोडायचा. तो आठवडाभर पुरला. दुसऱ्याला आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी वेगळी डबी लागते हे घरी आणल्यावर कळलं, डबी आणली तर वायर निघाली भलत्याच टोकाची, वायर बदलून आणली तर स्टँड नव्हता. मग दादाने कामावरून येताना लोखंडी सळी आणून स्वतःच स्टँड केला. दणकट इतका, की त्याला माइकऐवजी माणूस टांगला असता तरी चाललं असतं. एवढं करून आवाज तोच. तिसऱ्या माइकने नवीन फ्रिजसाठी बाजूला ठेवलेले पैसे खाल्ले, आणि घोडं अजून तिथंच पेंड खात होतं.

टॉवेल पायाने सारत वहिनी दार उघडून डोकावली.

"झालं का तुमचं? फ्रिज लावू का?"

"अगं, थांब जरा!"

"मी थांबते. दूध थांबत नाही. मागच्या रविवारी तुमच्या गाण्यापायी अख्खं पातेलं नासलं. बिचाऱ्या फ्रिजचे पैसेही तुम्ही घेतलेत आणि त्यालाच उपाशी ठेवताय."

चिंगीला हसू आलं. दादाला आलं नाही. त्याने पुन्हा हेडफोन चढवला, डोळे मिटले, आणि कॉम्प्युटरवरची ती आडवी रेघ पुन्हा सुरुवातीला नेली.

चिंगी चाळिशी ओलांडलेली, दुसरीच्या वर्गाची शिक्षिका. शाळेत तिला मोठ्या आदराने बाई म्हणत, पण या घरात ती चिंगीच राहिली होती. दादा लेथवर काम करायचा. दिवसभर कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात लोखंड कातायचा आणि संध्याकाळी गिटार घेऊन गाणी करायचा. गाणं त्याचं, गळा हिचा, हे लहानपणापासून ठरलेलं. ऐकायचं कामही त्याचंच. कुठे छोटासा कार्यक्रम असला की तो सगळ्यांत मागे जाऊन उभा राहायचा आणि तिथून खुणा करायचा, अजून मोकळं, अजून हळू. त्याच्या भुवया बघत ती गायची. स्वतःचं गाणं कसं येतंय याची तिने कधी फिकीरच केली नव्हती, कारण ती करायला दादा होता. रेकॉर्डिंगचंही तेच. कॉम्प्युटरचे स्पीकर कधीचे मेलेले, हेडफोन एकच, आणि अर्धवट गाणं गाणाऱ्याने ऐकायचं नाही, घसा धास्तावतो, हा दादाचा नियम. तो नियम तिने आजवर मोडला नव्हता.

आता मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता. चाळीस पोरांवर दिवसभर ओरडून संध्याकाळी तिचा घसा खरवडल्यासारखा व्हायचा. वरच्या पट्टीत जाताना पूर्वी विचार करावा लागत नसे, हल्ली करावा लागे. हे गाणं धड आलं नाही तर यापुढे गायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर दादाने आकाशपाताळ एक केलं असतं.

"शब्दांना टोकंच नाहीत," दादा म्हणाला. "सगळं बोथट. गळ्याला जी धार असते ना, ती कुठे गेली?" तो खुर्चीत वळला आणि एकदम म्हणाला, "चिंगे, रागावू नकोस. पण माइक तीन बदलले, वायर बदलली, खोलीची गोधडी करून झाली. बदललं नाही असं एकच काय ते उरलंय."

"म्हणजे?"

"तुझा आवाज... पूर्वीसारखा राहिलाय ना?"

"अहो, काहीतरीच काय बोलता!" वहिनी दारातून म्हणाली.

चिंगीने पाण्याची बाटली उचलली, झाकण लावलं, ते नीट लागलेलं असताना पुन्हा एकदा पिळलं. तिला संताप आला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्हीपैकी एकही तिला या माणसासमोर दाखवायचं नव्हतं.

"असेल," ती म्हणाली. "वय झालं."

दादाचा चेहरा पडला. बोलून बसल्यावर त्याला नेहमी असंच व्हायचं. तो उठला, माइक स्टँडवरून काढला आणि खोक्यात घालू लागला.

"तसं नव्हतं म्हणायचं मला. चल, दुकानात जाऊ. त्या शहाण्याने आपल्याला शेंडी लावलीय. आज सोक्षमोक्ष लावतो."

दुकान अरुंद होतं. वर गिटारी टांगलेल्या, खाली खोक्यांच्या चळती, मध्ये एका माणसापुरती वाट. दादाच्या काखेतलं खोकं दिसताच दुकानदाराने हातातला चहा खाली ठेवला.

"पुन्हा?"

"पुन्हा. मंद आहे हा. धार नाही."

"साहेब, तुमच्या पैशांत याच्यापेक्षा चांगला माइक मिळत नाही. याच्यावरचा आता स्वर्गातूनच मागवावा लागेल."

"मग मागवा."

"गाणं आणलंय का सोबत?"

दादाने खिशातून पेन ड्राइव्ह काढला. दुकानदार तसा भला माणूस होता. त्याने सकाळचं गाणं लावलं आणि काउंटरखालून दोन हेडफोन काढले, एक दादाला दिला, एक चिंगीकडे सरकवला.

"नाही, तिला नको," दादा म्हणाला.

"का? गायल्या त्याच ना? त्यांनाही कळू दे."

चिंगीने दादाकडे पाहिलं नाही. हेडफोन लावला.

आधी गिटार आली. मग तिने घेतलेला श्वास ऐकू आला, इतका जवळून, की ती चपापली. मग गाणं सुरू झालं. घोंगडी नव्हती, काही नव्हतं. एकेक शब्द लख्ख होता. वरच्या पट्टीत ज्या जागेची तिला धास्ती वाटायची, तिथे आवाज थोडा कापला होता, आणि तो कापलेलाही तिला आवडला. हा आपला आवाज आहे, आणि तो कुठेही गेलेला नाही. तिला इतका आनंद झाला, की दुकानात आहोत हेच ती विसरली.

"बघा, आहे का धार?" शेजारून दादाचा वैतागलेला आवाज आला. त्याने दुकानदाराला बोटाने वर-वर अशी खूण केली. "वरचा भाग वाढवा. ते बटण."

दुकानदाराने बटण फिरवलं. तिच्या आवाजाला कड आली.

"अजून."

कड टोचायला लागली.

"अजून वाढवा हो, घाबरता काय!"

दुकानदाराने बटण पार शेवटाला नेलं. पत्र्यावर खिळा ओढावा तशी कळ चिंगीच्या कानात गेली. तिने हेडफोन खेचून काढला आणि तळहात कानावर दाबला.

"हां!" दादा म्हणाला. किती तरी दिवसांनी त्याचा चेहरा उजळला होता. "हां, आता आला. हा खरा आवाज."

दुकानदार त्याच्याकडे बघत राहिला. मग चिंगीकडे. मग हळूच म्हणाला, "साहेब, कामाला कुठे असता?"

"लेथवर. का?"

"किती वर्षं?"

चिंगीला सगळं एकदम कळलं, लेथचा गोंगाट आणि दादाचे कान. लाज वाटली तिला मघाच्या आनंदाची. दुकानदार पुढचं वाक्य जुळवत होता. ते त्याच्या तोंडून, या काउंटरवर, दादाने ऐकावं हे तिला सहन होणारं नव्हतं.

"अहो, माझाच आवाज बसलाय," ती घाईने म्हणाली. "वर्गात ओरडून ओरडून. दादा बरोबर सांगतोय. उगाच माइकला नावं कशाला ठेवायची?"

दादाने वळून तिच्याकडे पाहिलं. तिचा हेडफोन काउंटरवर पडला होता. हात अजून कानावरच होता. तो तिने खाली घेतला, पण उशीर झाला होता.

दादाने आपला हेडफोन काढला. त्याची वायर नीट गुंडाळली आणि दुकानदारापुढे ठेवली.

"हाच राहू द्या," तो म्हणाला. "चांगला आहे."

रस्त्याला लागल्यावर खोकं दादाने छातीशी धरलं होतं. सिग्नलपाशी थांबल्यावर तो म्हणाला, "शेवटच्या बाकावरच्या पोरांना तुझं ऐकू जातं?"

"जातं की. ऐकत नाहीत ही गोष्ट वेगळी."

"मग आवाज बसलाय कुठे?"

सिग्नल सुटला. ती चालू लागली, तो मात्र जागेवरच उभा होता. मागची माणसं त्याला धक्के देत पुढे गेली.

"कानाला फार लागलं का?"

"फार," ती म्हणाली.

"मला आत्ता कुठे नीट ऐकू यायला लागलं होतं."

ती परत मागे आली आणि त्याच्याजवळ उभी राहिली. डॉक्टर, तपासणी, यंत्र, जे जे तोंडाशी आलं ते तिने गिळलं. त्याने खोकं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं.

"तुझ्या वहिनीला मी सांगेन. तू नको बोलूस. आणि सकाळचं जे बोललो ते..."

"असू दे रे."

"असू दे काय? नालायक माणूस आहे मी."

"आहेसच," चिंगी म्हणाली, आणि त्याच्या दंडाला धरून त्याला रस्ता ओलांडायला लावला.

घरी आल्यावर त्याने पुन्हा रजई टांगली, फ्रिज बंद केला. वहिनीने कमरेवर हात ठेवून ते सगळं पाहिलं, पण त्याचा चेहरा बघून दूध तापवायला घेतलं. माइक स्टँडवर चढला. दादाने गिटार मांडीवर घेतली आणि हेडफोन चिंगीपुढे धरला.

एकदा पूर्ण गाणं झालं. तिने ते लावून ऐकलं. दादा त्या वेळात गिटारीच्या खुंट्या उगाच पुसत होता, मान वर करत नव्हता.

"कसं आलंय?"

"छान आलंय."

"खरं सांग. आता मला थापा मारशील तर मग मी विचारायचं कुणाला?"

चिंगीने हेडफोन गळ्यात घेतला.

"तुझी बोटं," ती म्हणाली. "जागा बदलताना तारांवरून सरकतात, तेव्हा किंचाळतात."

"किंचाळतात?"

"दर वेळी. माझ्या आवाजावर ओरखडे उठतात."

दादाने डावा हात उलटा करून बोटांची टोकं पाहिली. लोखंडाने आणि तारांनी त्यांना घट्टे पडले होते. त्याने ती अंगठ्याने घासली, मग हात कानाशी नेऊन पुन्हा घासली.

"कधीपासून होतंय हे?"

"काय माहीत, दादा. मी आजच ऐकलं."

त्याने मान हलवली. मग दाराकडे बघून मोठ्याने म्हणाला, "अगं, तुझं हाताला लावायचं क्रीम आण जरा!"

"आता क्रीमही?" आतून वहिनी म्हणाली. "गाणं आहे की लग्न?" पण ती डबी घेऊन आली.

दादाने एकेका बोटाला क्रीम चोळलं, जास्तीचं पँटला पुसलं आणि गिटार सावरून बसला.

"चिंगे, गाताना हेडफोन लावूनच ठेव. किंचाळलं की हात वर कर. मी थांबेन."

"सारखं थांबावं लागेल."

"थांबू."

तिने हेडफोन लावला. गिटार सुरू झाली. दुसऱ्याच ओळीला तिने हात वर केला, आणि दादा थांबला.